रबराला तेल पाजू नका



गेल्या महिन्यात परभणीहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे मिस्टर टुरिस्ट गाडी चालवतात. गाडी कर्जाची, अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी. गाडीला ते पोटच्या लेकरासारखे जपतात. दर रविवारी दारांच्या रबराला खोबरेल चोळतात, सीटच्या रेक्झिनला तेच लावतात, आणि महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरवर नेऊन खालून चेसिसला डिझेल मारून घेतात. असे असूनही पावसाळ्यात दारातून पाणी आत येते, सीट शिवणीपाशी तडकली आहे, आणि खड्ड्यात गाडी गेली की खालून खडखड आवाज येतो. "एवढे करूनही असे का?" असे ताईंनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की, या गाडीवर दोन मुलांची शिक्षणे आहेत.

गाडी हा विषय आपल्या कौटुंबिक पानात कशाला, असे एखादे ज्येष्ठ वाचक म्हणतील. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, आज आपल्या वस्तीत सकाळी फेरी मारावी. विहाराच्या कुंपणाला लागून रिक्षा उभ्या असतात, टेम्पो उभे असतात, कोणाची जुनी मारुती, कोणाची हप्त्याची टॅक्सी. पाच-दहा घरांची चूल त्यांच्या चाकांवर पेटते. तेव्हा हा विषय स्वयंपाकघराइतकाच घरचा आहे.

ताई, तुमच्या मिस्टरांची मेहनत कमी पडलेली नाही. तेल चुकले आहे.

ही चूक एकट्या त्यांची नाही, ती आपल्या जुन्या अनुभवातून आलेली आहे. आपल्या वाडवडिलांना चामड्याची चांगली ओळख होती. मोट असो, वहाणा असोत, बैलाच्या गळ्यातला पट्टा असो. तेल पाजले की चामडे नरम राहते आणि टिकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते खरेही होते. चामडे म्हणजे जनावराचे कातडे. त्यात बारीक तंतूंचे जाळे असते, ते तेल शोषून घेते आणि तंतू एकमेकांवर न घासता सरकतात. हीच समज आपण रबराला आणि रेक्झिनला लावली. पण रबर हे चामडे नव्हे. रेक्झिन तर दिसायला तेवढे चामड्यासारखे, बाकी त्याचा चामड्याशी काडीचा संबंध नाही.

रबर हा मुळात झाडाचा चीक. नुसता चीक उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने त्यात गंधक मिसळून तो तापवला, तेव्हा रबराचे लांबलचक धागे गंधकाच्या गाठींनी एकमेकांना बांधले गेले. या गाठींमुळे रबर ताणले तरी पुन्हा जाग्यावर येते. आता या बांधलेल्या जाळ्यात डिझेल, रॉकेल किंवा इंजिनचे तेल गेले की काय होते? ते धाग्यांच्या मधे शिरते आणि जाळे फुगते. फुगलेले रबर मऊ, पोचट होते. वरून हात लावला तर माणसाला वाटते, वा, काय नरम झाले! प्रत्यक्षात त्याची ताकद गेलेली असते.

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून पाहा. आपण कालाम सुत्त मानणारे लोक आहोत. किराणा दुकानात पुडीला लावतात तसली दोन सारखी रबरबँड घ्या. एक काचेच्या झाकणबंद बाटलीत थोड्या डिझेलमध्ये बुडवून रात्रभर ठेवा, दुसरे कोरडे राहू द्या. (हे काम मोठ्या माणसाने करावे, चुलीपासून आणि लहान मुलांपासून दूर.) सकाळी दोन्ही शेजारी ठेवा. डिझेलमधले रबरबँड लांब, जाड आणि लिबलिबीत झालेले दिसेल. जरा ताणलेत तर तुटेल. मग वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा गाडीखाली मारतात तेव्हा सस्पेन्शनच्या बुशांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. लोखंडी पट्ट्या आणि सांगाडा यांच्या मधे जे रबराचे बुश बसवलेले असतात ते बहुधा नैसर्गिक रबराचे असतात. ते फुगून ढिले झाले की लोखंडावर लोखंड आपटते. ताईंच्या गाडीखालची खडखड तिथलीच असावी, असा आमचा कयास आहे. मेकॅनिकला आधी बुश बघायला सांगावे.

या डिझेलच्या फवाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. फवारा मारणारी पोरे कोण असतात? बहुतेक आपलीच असतात. दहावीनंतर शाळा सुटलेली, रोजंदारीवर लागलेली. कित्येक ठिकाणी तर डिझेलऐवजी इंजिनातून काढलेले काळे तेलच हवेच्या दाबाने उडवतात. ते धुके नाकातोंडात जाते, हातापायाला लागते. वापरलेले इंजिन तेल कातडीला वर्षानुवर्षे लागत राहिले तर कर्करोगाचा धोका असतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. तेव्हा गाडीवाल्याने "खालून नुसते पाणी मार, तेल नको" एवढे म्हटले तरी बुशही वाचतात आणि त्या पोराची छातीही वाचते. गंज चढू नये म्हणून काही हवेच असेल तर त्यासाठी मिळणारा जाड थर एकदाच, रबराचे भाग झाकून, लावून घ्यावा.

सगळी रबरे एकाच जातीची नसतात, हेही समजून घ्यावे. (जात हा शब्द इथे वापरताना आम्हालाच हसू आले. पण रबराच्या बाबतीत तरी ती खरी आहे, आणि कामावरून ठरते.) टायर आणि बुश यांत नैसर्गिक रबर बरेच असते. ते ताकदीला आणि लवचिकतेला उत्तम, पण तेलाला आणि उन्हाला कच्चे. दारांची आणि काचांची बीडिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असते. ते ऊन, पाऊस, वारा वर्षानुवर्षे सोसते, मात्र खनिज तेलाने फुगते. पेट्रोलच्या नळ्या आणि ऑइलसील यांना नायट्राइल रबर वापरतात. त्याला तेलाचे भय नाही, पण हवेतल्या ओझोनने त्याला भेगा पडतात. म्हणून "सगळ्याला एकच औषध" असे सांगणारा दुकानदार भेटला की सावध व्हावे.

ब्रेकच्या बाबतीत तर फारच सावध. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये रबराच्या छोट्या वाट्या असतात. त्या डॉट-३, डॉट-४ या ब्रेक ऑइलसाठीच बनवलेल्या असतात. आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण ते खनिज तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचे द्रव्य आहे. वाटेत ब्रेक ऑइल कमी झाले म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले, तर वाट्या फुगतात. मग ब्रेक अडकतो, किंवा ऐन वेळी लागतच नाही. नुसते थेंबभर पडले तरी सगळी यंत्रणा उघडून रबरे बदलावी लागतात. ज्या बाटलीवर डॉटचा आकडा नाही ती बाटली ब्रेकच्या डब्याजवळ नेऊच नये. हेच ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग सोलते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

आता टायरविषयी. इथे आम्हाला आमची स्वतःची फजिती सांगणे भाग आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आमची गाडी घरासमोरच्या निंबाखाली उभी राहिली. नंतरही पेट्रोलच्या भावामुळे फारशी हलली नाही. आम्ही मात्र दर पंधरा दिवसांनी तिला धूत होतो आणि टायरांना बाजारातून आणलेले चकचकीत पॉलिश मारत होतो. टायर असे काळेभोर दिसत की शेजारी विचारीत, नवे घातले काय? नक्षी पुरी खोल होती, कारण गाडी चाललीच नव्हती. २०२२ च्या अशोक विजयादशमीला, ५ ऑक्टोबरला, आम्ही अकोल्याहून सहकुटुंब दीक्षाभूमीला निघालो. मागे आई, सौ. आणि दोन नाती. कोंढाळीच्या अलीकडे डाव्या बाजूचे मागचे टायर धडाक्याने फुटले. गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. मागून ट्रक येत होता, तो बाजूने निघून गेला. आम्ही गाडी कशीबशी कडेला घेतली. आईने नातींना दोन्ही हातांनी कवटाळले होते. तिने हात सोडायला बराच वेळ घेतला.

पंक्चरवाला आला. त्याने फुटलेल्या टायरच्या बाजूवर अंगठा फिरवला, पॉलिश पुसले आणि आम्हाला जवळ बोलावले. चकाकी गेल्यावर खाली भेगाच भेगा दिसल्या, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या. तो म्हणाला, "सायेब, टायराले नवरदेवावानी नटवलं तुमी, पण तो त कवाचाच मेला व्हता." आम्ही काय बोलणार? उरलेल्या तीन टायरांवरही त्याने तसाच अंगठा फिरवून दाखवला. चारही टायरे नागपुरात बदलली. दीक्षाभूमीवर पोहोचायला रात्र झाली.

लिंबू-मिरची आपण कधीच सोडली. पण बाटलीवर "टायरचे आयुष्य वाढवते" असे छापलेले वाचून आम्ही दोन वर्षे तेच केले, हे त्या रात्री मनाला फार लागले.

त्या भेगा का पडल्या, ते पुढे वाचून समजून घेतले. हवेत ओझोन नावाचा वायू थोड्या प्रमाणात असतो. गाड्यांच्या धुरावर ऊन पडले की तो जमिनीलगत अधिक तयार होतो. नैसर्गिक रबराच्या धाग्यात ज्या कच्च्या जागा असतात त्यांना तो तोडतो, आणि रबर ताणलेले असेल तिथे आधी. म्हणून भेगा ताणाच्या आडव्या पडतात. दुसरे रबरबँड आठवते ना, कोरडे ठेवलेले? ते एका लाकडी पट्टीवर चांगले ताणून गच्चीवर ठेवा आणि तसेच एक न ताणता शेजारी ठेवा. काही दिवसांनी ताणलेल्यावर आडव्या चिरा दिसू लागतील. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

टायर बनवणारे ओझोनचा बंदोबस्त आधीच करून ठेवतात. रबरात काजळी घालतात, ती उन्हातले अतिनील किरण शोषून घेते. टायर काळे असते ते याचसाठीही. त्याखेरीज रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरते, दबते, ताणते, तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि एक पातळ कवच धरतात. टायरच्या बाजूला कधी कधी जो तपकिरी रंग दिसतो तो हाच. आपण त्याला मळ समजून ब्रशने आणि डिटर्जंटने घासून काढतो! गाडी उभी राहिली की ही द्रव्ये वर येणे मंदावते, आणि जमिनीपाशी टायर फुगीर दबलेले असते तिथे ताण कायम राहतो. चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून संपते, उभ्या गाडीचे भेगांनी. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवणे हे बाजारातल्या कोणत्याही पॉलिशपेक्षा मोलाचे. हवा बरोबर ठेवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण कमी हवेत बाजू जास्त दबते.

टायर किती जुने आहे ते त्याच्या बाजूवर लिहिलेले असते. डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे पाहा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. कधी कधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, मग गाडीखाली डोके घालावे लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावे, आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही खोल असो, टायर काढावे, असे टायर बनवणारे सर्वसाधारणपणे सांगतात. जुनी गाडी घेताना तर हे आकडे आधी वाचावेत. चकचकीत टायर दिसले तर ओल्या फडक्याने पुसून मगच बोलणी करावीत. स्टेपनी विसरू नये. ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

मग पॉलिश मारूच नये का? हौस असेल तर मारावे, पण दोन प्रकार ओळखावेत. दुधासारखे पांढरे, पाण्यात मिसळलेले जे असते त्यात सिलिकॉन असते आणि पाणी उडून गेल्यावर ते वर पातळ राहते. ते सहसा अपाय करत नाही. दुसरे पारदर्शक, तेलकट, पेट्रोलसारखा वास येणारे. त्यातले द्रावक रबरातली कामाची द्रव्ये बाहेर ओढते. ते घेऊ नये. आणि कोणतेही असो, टायरच्या नक्षीवर, ब्रेकच्या चकतीवर, पायाखालच्या पेडलवर आणि स्टिअरिंगवर कदापि नाही. पेडलवरून पाय घसरायला एक क्षण पुरतो.

सीटच्या रेक्झिनचे दुखणे मात्र अगदी वेगळे आहे. आज ज्याला आपण रेक्झिन म्हणतो ते बहुतेक कापडावर चढवलेले पीव्हीसी, म्हणजे व्हिनाइल. घरातला पाण्याचा पांढरा पाइप आणि सीटचे रेक्झिन ही सख्खी भावंडे आहेत. पाइप ताठ, रेक्झिन मऊ, हा फरक कशाने? रेक्झिनमध्ये मऊ ठेवणारे एक तेलकट द्रव्य कारखान्यातच मुरवलेले असते. १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला पीव्हीसी असे मऊ करता येते हे आढळले, आणि तेव्हापासून त्याची सीट, चपला, रेनकोट सगळे होऊ लागले. हे द्रव्य आत बांधलेले नसते, नुसते मुरलेले असते. ऊन लागले की थोडे थोडे बाहेर पडते. बंद गाडीत दुपारी डॅशबोर्ड सत्तर अंश सेल्सियसच्या वर तापू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याची कल्पना वाचकांना आहेच. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला जो धुरकट, तेलकट थर बसतो, रात्री समोरच्या दिव्यात डोळ्यांवर येतो, त्यात हेच उडालेले द्रव्य बरेचसे असते. म्हणजे रेक्झिनचा जीव काचेवर जाऊन बसतो. द्रव्य गेले की रेक्झिन आक्रसते, कडक होते आणि सर्वांत आधी शिवणीपाशी तडकते.

गेलेले द्रव्य परत घालता येत नाही. खोबरेल आत जात नाही, वरच राहते, धूळ धरते, आणि ती धूळ माणूस बसला-उठला की पॉलिशपेपरसारखी घासते. बाटलीवर कंडिशनर लिहिलेले असो की आणखी काही, तडकलेले रेक्झिन त्याने सांधत नाही. उपाय एकच, आहे ते द्रव्य आत टिकवायचे. म्हणजे सावली. सावली नसेल तर काचेला आतून चंदेरी पडदा, तोही नसेल तर डॅशबोर्डवर आणि सीटवर जुनी पांढरी सुती चादर. सौ.चे जुने पातळ आम्ही वापरतो, उत्तम चालते. काचा बोटभर खाली ठेवल्या तर आतली धग थोडीशीच उतरते, तेही जिथे चोरीची भीती नाही तिथे. नवी गाडी आली की सीटवरचे पारदर्शक प्लास्टिक वर्षभर न काढणारे पुष्कळ आहेत. ते काढा. त्याखाली घाम आणि धग कोंडते.

धुण्यासाठी अंगाचा साबण किंवा सौम्य शाम्पू कोमट पाण्यात, मऊ फडके, मग साध्या पाण्याचा ओला हात आणि लगेच कोरडे पुसणे. स्पिरिट, थिनर, रॉकेल नको. तीही ते द्रव्य काढून नेतात. त्यानंतर हवे तर अतिनील किरण अडवणारे, पांढरे, पाण्याचे ड्रेसिंग अगदी थोडे, फडक्यावर घेऊन. थेट फवारू नये. डॅशबोर्डला चकाकी येईल असे काही लावू नये, दुपारी तिचे प्रतिबिंब काचेत पडून रस्ता दिसत नाही. अलीकडच्या गाड्यांचा डॅशबोर्ड व्हिनाइलचा नसून कडक प्लास्टिकचा असतो. त्याला नुसते ओले फडके पुरे.

डॅशबोर्डचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तथागतांची किंवा बाबासाहेबांची छोटी मूर्ती आपण श्रद्धेने पुढे चिकटवतो. डाव्या बाजूला एअरबॅग असे लिहिलेल्या झाकणावर ती चिकटवू नये. एअरबॅग उघडते ती डोळ्याचे पाते लवण्याआधी, आणि वरची वस्तू बसलेल्याच्या तोंडावर येते. मधल्या भागात लावावी. सीटला जाड कव्हर चढवतानाही सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का ते पाहावे.

आता ताईंच्या दाराचे. बीडिंगवरचे खोबरेल आधी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. खोबरेल डिझेलइतके घातक नाही, पण धूळ धरून रबर आणि पत्रा दोन्ही घासते. कोरडे झाल्यावर औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन घ्या, तितकेच पाणी मिसळा, फडक्याने पातळ पुसा. ग्लिसरीन रबरात शिरून ते फुगवत नाही, आणि दार चिकटू देत नाही. सिलिकॉन ग्रीस मिळाले तर अधिक टिकते, पण रंगकाम करायचे असेल त्या भागाजवळ सिलिकॉन नको, रंग तिथे धरत नाही, डोळे पडतात. पंक्चरवाले ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावतात तीही बीडिंगला चालते, फक्त पांढरे डाग दिसतात. बीडिंग चपटी झाली असेल, बोटाने दाबल्यावर उठत नसेल, तर बदलणे आले. तिला काही लावून उपयोग नाही.

तथापि पाणी येण्याचे कारण रबर नसेलही. दाराच्या काचेच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात जातेच, आणि ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत तुंबते आणि पायाखाली उतरते. पत्राही आतून गंजतो. आमच्या गाडीत निंबाच्या काड्यांनी पुढच्या काचेखालची मोरी बुजली होती आणि आम्ही मात्र बीडिंगवर पैसे घालवायला निघालो होतो.

पावसाळ्याआधी वायपरची पाती ओल्या फडक्याने पुसावीत, कोरड्या काचेवर कधी चालवू नयेत, तेल-पॉलिश तर नाहीच. बॉनेट उघडून, इंजिन थंड असताना, पाण्याच्या नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. चिकट, फुगलेली किंवा कुरकुरीत झालेली नळी बदलावी. पुढच्या चाकांमागे घडीघडीचे रबरी बूट असतात, ते फाटले तर ग्रीस बाहेर आणि माती आत. बूट स्वस्त, आतला जॉइंट महाग. जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांनी पेट्रोलच्या नळ्या यंदा जरूर दाखवाव्यात. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर झाले. जुन्या गाड्यांतली काही रबरे या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. पेट्रोलचा वास येऊ लागला तर "चालेल दोन दिवस" म्हणू नये.

परभणीच्या ताईंनी आधी एक तार घेऊन चारही दारांची भोके मोकळी करावीत, दारावर बादलीभर पाणी ओतून खालून धार पडते का ते पाहावे, आणि टायरांवरचे चार-चार आकडे लिहून आम्हाला कळवावेत. स्टेपनीचेसुद्धा.